माहेरी येताना पैसे भरायचे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत परवा थंडीच्या सुट्टीवर पानभर मजकूर आला होता, आपली माणसं, गच्चीवरचं कोवळं ऊन, गप्पा, वाफाळता चहा, फोटो पण छान होते. मी वाचला आणि यांना म्हटलं, सगळं लिहिलंय पण एवढ्या माणसांना रजया कुठून आणल्या ते कुणी लिहिलं नाही. हे म्हणाले, मग तू लिही. म्हणून लिहून राहिले आहे. लांबेल, कापायचं तिथे कापा, फक्त पैशांचं जे पुढे येईल ते कापू नका कारण पत्र त्याच्यासाठीच आहे.

आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. घर सासऱ्यांनी बांधलेलं, खाली तीन खोल्या, वर दोन आणि गच्ची. गेली बावीस वर्षं नाताळच्या आठवड्यात सगळे इथेच जमतात, सगळे म्हणजे मोठे भाऊजी-जाऊबाई पुण्याहून, धाकटे भाऊजी बेंगळुरूहून, वन्सं नाशिकहून आणि यांचे चुलतभाऊ बडोद्याहून, प्रत्येकाची पोरंबाळं धरून. गेल्या वर्षी आमच्यासकट सतरा डोकी होती. दिवाळीत का नाही असं लोक विचारतात, तर दिवाळीत ज्याला त्याला आपल्या दारात पणती लावायची असते आणि उन्हाळ्यात इंदूरला यायला कुणी तयार नसतं. वर्षाअखेरीला ऑफिसची उरलेली रजा संपवायची असते, मुलांच्या शाळा बंद असतात, म्हणून हाच आठवडा ठरला. नाताळ आपला सण नाही पण आमच्याकडे आता पोरं विचारतात "नाताळचे बेसनाचे लाडू केलेस का आजी".

सुट्ट्यांचाही ताळमेळ नसतो बरं का. माझी सून सरकारी शाळेत शिकवते, आपल्याकडे राज्याच्या शाळांना थंडीची सुट्टी ३१ डिसेंबर ते ४ जानेवारी, आणि पाहुणे येतात २५ ला आणि जातात १ किंवा २ ला. म्हणजे घर भरलेलं असतं तेव्हा ती शाळेत आणि तिची सुट्टी लागते तेव्हा इकडे बॅगा भरणं चालू. तिची काही चूक नाही, पण सकाळी सात ते दुपारी दोन घरात करणारी मी आणि आमच्या कामाच्या मावशी, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तिकिटांचं तर विचारू नका. आता रिझर्व्हेशन साठच दिवस आधी उघडतं, पूर्वी एकशेवीस होतं, २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललं. म्हणजे २४ डिसेंबरची गाडी हवी तर २५ ऑक्टोबरला सकाळी आठच्या ठोक्याला फोन घेऊन बसायचं. यंदा, २०२५ ला, भाऊबीज २३ ला होती, चकल्या डब्यात तशाच होत्या आणि आमच्या ग्रुपवर "कन्फर्म झालं का, कन्फर्म झालं का" सुरू. पुण्याची गाडी रतलाम, बडोदा, सुरत, वसई करत जाते, म्हणजे इंदूरहून पुण्याला जायचं तर आधी गुजरात फिरायचं. मनमाडची नवी लाइन मंजूर झाली त्या दिवशी, २०२४ च्या सप्टेंबरात, ३०९ किलोमीटर आणि १८,०३६ कोटी असे आकडे पेपरात आले, तर मोठ्या भाऊजींनी ते कात्रण फोटो काढून ग्रुपवर टाकलं आणि खाली लिहिलं, बघू आधी गाडी येते का यम. वन्सं बसनेच येतात, मालेगाव, धुळे, सेंधव्याचा घाट, आणि खलघाटला नर्मदा आली की झोपेतून उठून खिडकीतून रुपया टाकतात. पुलावरून बस किती जोरात जाते, तो रुपया नदीत पडतो की रस्त्यावर देव जाणे, पण चुकत नाहीत.

बरं आता रजया. उन्हाळ्यात पाहुणे आले तर काही वाटत नाही, गच्चीवर सतरंजी टाकली की दहा माणसं झोपतात. थंडीत प्रत्येक माणसाला खाली गादी आणि वर रजई लागते, आणि आपल्याकडे डिसेंबरअखेर पहाटेची थंडी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. घरच्या आठ रजया आहेत, त्यातल्या तिघींचा कापूस गोळे गोळे झालेला. पूर्वी दिवाळी झाली की पिंजारी दारावर यायचा, त्याच्या तारेचा तो टंय्-टंय् आवाज अख्ख्या गल्लीत, अंगणात कापूस उडायचा आणि संध्याकाळपर्यंत रजई फुगून दुप्पट. आता रजई रिक्षात घालून मशीनवाल्याकडे न्यावी लागते. म्हणून उरलेल्या दहा गाद्या-रजया आम्ही टेंट हाऊसमधून भाड्यानं आणतो, जोडीला चाळीस रुपये रोज. यातली एक गंमत सांगते, लग्नाच्या सीझनमध्ये तुम्ही रजया मागायला गेलात तर टेंटवाला बघणार पण नाही तुमच्याकडे, पण १६ डिसेंबरच्या आसपास धनुर्मास लागला, इकडे लोक खरमास म्हणतात, की संक्रांतीपर्यंत मुहूर्त नसतात, मग त्याचा माल पडून असतो आणि तो स्वतः टेम्पोत घालून घरी आणून देतो. तरी १० तारखेच्या आत सांगून ठेवायचं म्हणजे धुतलेल्या मिळतात.

धुतलेल्या म्हणजे काय तर त्याच्या मते धुतलेल्या. लाल वेल्वेटच्या रजया, त्यांना आधीच्या वऱ्हाडाचा वास असतो, डांबरगोळी, कुणाचं तरी खोबरेल तेल, कधी कधी चक्क रायत्याचा. तो वास घेऊन कुणी माझ्या घरात झोपलेलं मला चालत नाही, म्हणून मी प्रत्येक रजईला जुन्या साडीची खोळ घालते. दोन साड्या जोडायच्या आणि चारी बाजूंनी मोठे मोठे टाके, २३-२४ तारखेला दोन दिवस माझं तेच चालतं आणि २ जानेवारीला सगळे टाके उसवायचे. सासूबाई गेल्या त्यानंतर त्यांच्या दोन इरकली मी अशाच वापरायला काढल्या. त्या वर्षी वन्संनी वर येऊन रजयांच्या ढिगातून एक जांभळी बाहेर ओढली, काठावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ही माझी. तेव्हापासून ती रजई दुसऱ्या कुणाला देत नाहीत, पोरांनी चुकून घेतली तर रात्री अकराला उठवून बदलून घेतात.

आंघोळींचं थोडक्यात सांगते. गीझर एक आणि माणसं सतरा, दोघांनंतर तिसऱ्याला गार पाणी, म्हणून माळ्यावरचा तांब्याचा बंब दरवर्षी उतरवायचा, चिंचेनं घासायचा आणि गच्चीवर पेटवायचा. बेंगळुरूची पोरं त्याच्याभोवती उभी राहून व्हिडिओ काढतात, बादली खाली न्यायला मात्र कुणी नसतं. आणि कचरा! इंदूरला ओला वेगळा, सुका वेगळा, सॅनिटरी वेगळा, आपल्या हाडात मुरलंय, २०१७ पासून पहिला नंबर उगीच नाही येत भिया. पुण्याचा पुतण्या संत्र्याची सालं आणि चिप्सची पाकिटं एकाच डब्यात टाकतो आणि सकाळी गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर मला ऐकवतो, "आंटीजी, आप तो ऐसी नहीं थीं."

आता स्वयंपाकघर. गेल्या वर्षी २६ डिसेंबरला काय झालं सांगते. गुरुवार होता, मार्गशीर्षातला शेवटचा, आणि त्याच दिवशी एकादशी. जाऊबाईंचे महालक्ष्मीचे गुरुवार, त्यांचा उपास संध्याकाळी पूजा करून गोडाधोडावर सुटतो, वन्संची एकादशी, ती दुसऱ्या दिवशी सुटते, यांचं आणि मोठ्या भाऊजींचं उपासबिपास काही नाही पण दोघांना डायबिटीस म्हणून बटाटा-साबुदाणा नको, आणि पोरांना पास्ता. म्हणजे एका शेगडीवर साबुदाण्याची खिचडी, एकीवर भगर, मग यांच्यासाठी ज्वारीच्या भाकरी, संध्याकाळी घट, पूजा, पुरणाचा नैवेद्य, पाच सवाष्णींना हळदीकुंकू. मी सकाळी साडेपाचला जी उभी राहिले ती रात्री दहाला बसले. आणि दहा वाजता पोरं म्हणाली, चला सराफ्याला गराडू खायला.

गराडू म्हणजे काय हे बाहेरच्यांना समजावता येत नाही, थंडीतच मिळतो, कंदाच्या फोडी एकदा तळून ठेवायच्या आणि गिऱ्हाईक आलं की परत कढईत सोडायच्या, वर लिंबू आणि जिरावण मसाला. सराफ्यात दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांसमोर ही दुकानं लागतात, ते सगळं ठीक. सगळे गेले, मी नाही गेले. मी जमिनीवर बसून दुसऱ्या दिवशीच्या कचोऱ्यांसाठी बटला, म्हणजे मटार, सोलत होते आणि मावशी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "भाभीजी, इतने लोग आते हैं, कुछ देके भी जाते हैं क्या?" मी म्हटलं, हो, देतात ना.

काय देतात? पुण्याची बाकरवडी, नाशिकचा चिवडा, बडोद्याचा लीलो चेवडो, बेंगळुरूचा म्हैसूरपाक आणि कॉफी पावडर. आणि जाताना प्रत्येकाच्या बॅगेत माझ्याकडून दोन किलो शेव, जिरावणाचं पाकीट, गजक आणि डिंकाचे लाडू. हे जातानाचं मी हिशोबात धरत नाही, ते द्यायचंच असतं.

पण बाकीचं त्या रात्री मी धरलं. माझ्याकडे वही असते, लग्न झाल्यापासून आहे. सगळे सराफ्यात होते तेव्हा मी बटल्याची पाटी बाजूला सारून वही काढली, त्या दिवसापर्यंतचं मांडलं आणि पुढचं अंदाजानं, नंतर ३१ ला पक्कं केलं. रजया-गाद्या ३,२००, दूध ३,६००, भाजी आणि फळं ५,२००, किराणा, तूप, सुकामेवा धरून ९,८००, गॅसची दोन सिलिंडरं १,७००, मावशींना वरचे ३,०००, महेश्वरला जायच्या गाडीचे ६,५०० आणि सराफा २,९००. एकूण ३५,९००. हे २०१८ ला रिटायर झाले. त्यानंतर डिसेंबरचा खर्च एफडीच्या व्याजातून निघायचा, गेल्या वर्षी तो निघाला नाही, मी माझ्या पोस्टातल्या आरडीचे पैसे घातले, त्या पैशांतून मला डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. हे कुणाला माहीत नव्हतं, यांनाही नाही.

इथे माझी चूक झाली ती सांगते. बोलायचं होतं तर ऑक्टोबरात, तिकिटं काढायच्या आधी बोलायचं. मी बोलले ३१ डिसेंबरच्या रात्री, गच्चीवर, सगळे शेकोटीभोवती बसलेले, कुणीतरी गात होतं, आणि मोठे भाऊजी म्हणाले पुढच्या वर्षी आठ नाही, दहा दिवस राहू. त्यावर धाकट्या भाऊजींची मुलगी म्हणाली, नाहीतर पुढच्या वर्षी मांडूला रिसॉर्ट घेऊ ना, काकूला पण आराम, माणशी अडीच-तीन हजार पडतील फक्त. सगळे म्हणाले हो हो, चांगली आयडिया, पैसे काय, वाटून घेऊ. सतरा माणसं, माणशी अडीच हजार, तेही एका रात्रीचे. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि मला काय झालं कोण जाणे, मी खाली जाऊन वही घेऊन आले आणि मोबाइलच्या उजेडात सगळं वाचून दाखवलं. दूध तीन हजार सहाशेसकट.

कुणी काही बोलेना. शेकोटीतलं लाकूड तडतडलं तेवढंच. मोठे भाऊजी म्हणाले, अगं, आधी बोलायचंस ना. धाकट्या भाऊजींनी लगेच फोन काढला, "वहिनी, अ‍ॅप आहे ना त्याला, कुणी काय खाल्लं ते टाकायचं, ते बरोबर वाटून देतं." मी म्हटलं, म्हणजे काय, तुम्ही तिसरी पोळी घेतलीत की मी फोनवर लिहू? आणि मग वन्सं बोलल्या, फार हळू बोलल्या, "माहेरी येताना पैसे भरायचे का आता? बाबा असते तर ही वही निघाली असती?" त्यावर जाऊबाई, ज्या कधी बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "माझंही कुठेतरी माहेर आहेच की वन्सं, तिथे न जाता मी दरवर्षी इथे येऊन पोळ्या लाटते, मला काय सूट आहे?" झालं. वन्सं उठल्या, खाली गेल्या आणि जांभळी रजई डोक्यावरून घेऊन झोपल्या. बारा वाजले तेव्हा बाहेर फटाके वाजत होते आणि आम्ही सगळे आपापल्या वाट्या गोळा करत होतो.

दुसऱ्या दिवशी वन्सं माझ्याशी बोलल्या नाहीत. चहा घेतला, कप स्वतः विसळून ठेवला. आमच्या घरात माहेरवाशिणीनं कप विसळणं म्हणजे काय हे ज्याला कळतं त्याला कळतं. २ तारखेला बसमध्ये बसताना मी शेव-गजकाची पिशवी दिली, ती घेतली, एवढंच.

आता मी त्यांच्या बाजूनंही विचार केला, नाही असं नाही. माझं माहेर ग्वाल्हेरचं, तिथल्या लष्कर भागातलं. गेल्या डिसेंबरात, हे सगळे यायच्या आधी, मी चार दिवस जाऊन आले होते, तानसेन समारोह शंभरावा होता, दादा म्हणाला ये, परत असा योग नाही. ग्वाल्हेरची थंडी म्हणजे इंदूरची थंडी तिच्यापुढे काहीच नाही, धुक्यात समोरचा स्कूटरवाला दिसत नाही. वहिनी रोज पहाटे मला गरम पाण्याचा तांब्या हातात आणून द्यायची, रात्री दोघी कार्यक्रमाहून आलो की उठून परत दूध गरम करायची, येताना दादानं मोरेन्याची गजक दिली. आणि मी तिला काय नेलं होतं? एक किलो शेव. मला एकदा सुद्धा वाटलं नाही की हिला काही खर्च येत असेल. तीस-पस्तीस वर्षं जाऊन राहिले आहे मी.

३ जानेवारीला मी वहिनीला फोन केला आणि सरळ विचारलं, मी येते तेव्हा तुम्हाला जड जातं का गं? ती हसायला लागली, म्हणाली, वेडी आहेस का, तुझं घर आहे. मी फोन ठेवला आणि यूपीआयवर तिला एक हजार एक पाठवले. मला वाटलं आता परत येतील आणि वर बोलणीही खावी लागतील. दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला, "बरं झालं गं, दूधवाल्याचे द्यायचे राहिले होते."

मी बराच वेळ तो मेसेज बघत बसले. मग यांना दाखवला, आणि तेव्हाच आरडीचंही सांगितलं. हे काही बोलले नाहीत, गच्चीवर जाऊन बंब उतरवून आले, जो दोन दिवस तसाच पडून होता.

मग यांनी सूत्रं हातात घेतली. बडोद्याच्या भाऊजींनी मार्ग सुचवला, भिशी. त्यांच्या सोसायटीत चालते तशी, फक्त ही भिशी कुणाला लागत नाही, वर्षभर साठते आणि डिसेंबरात घराला लागते. ३५,९०० ला पाच घरांनी आणि बारा महिन्यांनी भागलं तर सहाशेच्या जवळ येतं, म्हणून प्रत्येक घराचे महिन्याला सहाशे. माणशी नाही, घरटी, म्हणजे कुणाची किती पोरं, कोण किती खातं हा विषयच नको. पैसे आमच्याकडे ठेवायचे नाहीत, बडोद्याच्या भाऊजींकडे, कारण ज्याच्या घरी जेवायचं त्यानंच वसुली करायची हे बरं दिसत नाही. मला लागेल तसे मी मागवते आणि बिलाचा फोटो टाकते. आणि वन्संचं नाव भिशीत नाही. हे यांनीच ठरवलं, म्हणाले, ती बाबांची मुलगी आहे, तिचे सहाशे आपण चारही घरांनी दीडशे-दीडशे वाटून घ्यायचे. जाऊबाईंनी एक अंगठ्याची खूण टाकली ग्रुपवर, त्या अंगठ्यात किती राग होता ते मला इथे बसून दिसलं. त्यांचंही खरंच आहे म्हणा. त्यांना मी यंदा स्पष्ट सांगितलंय की पोळ्यांना बाई लावलीय, तुम्ही लाटणं हातात धरायचं नाही.

लोक म्हणतात पाहुणचाराचा हिशोब करू नये. ठीक आहे. गणपतीला वर्गणी काढतो, गल्लीतल्या होळीला काढतो, सोसायटीच्या टाकीला काढतो, हॉटेलात माणशी अडीच हजार द्यायचे म्हटलं तर कुणाचं माहेर दुखावत नाही, फक्त घरात आठ दिवस खाल्लेल्याचं नाव काढलं की सगळ्यांना बाबा आठवतात. महेश्वरला आम्ही दरवर्षी जातो, अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५ ला तीनशे वर्षं झाली म्हणून किती भाषणं ऐकली. त्यांनी देशभर घाट आणि देवळं बांधली ती खासगीतून, होळकरांकडे दौलतीचा, म्हणजे राज्याचा, हिशोब वेगळा आणि खासगीचा वेगळा असायचा. एवढी पुण्यवान बाई, दानधर्माचासुद्धा हिशोब ठेवायची. आपण रामबागेत राहून दुधाचा हिशोब सांगायला का लाजायचं?

आणि एक, घर चालवणाऱ्या बाईला पैसे मिळाले म्हणजे तिचे हात भरून येत नाहीत असं नाही. म्हणून भिशीतून पहिली गोष्ट मी काय केली तर पोळीवाली बाई सांगितली आठ दिवसांसाठी. दुसरं म्हणजे २६ ते ३० रोजच्या सकाळच्या भांड्यांना मावशींबरोबर त्यांची सून येणार. आणि गराडूला यंदा मी जाणार, बटला कुणीही सोलो.

आता वन्संचं. फेब्रुवारीच्या ५ तारखेला माझ्या फोनवर सहाशे एक रुपये आले. खाली लिहिलं होतं, आहेर. मी फोन केला, तर म्हणाल्या, "भिशीत टाकू नकोस. मी भिशी देणार नाही. तुला आहेर करतेय, माहेरच्या सुनेला आहेर करायचा मला हक्क आहे." बस, एवढं बोलून सांध्यांच्या गोळ्यांबद्दल बोलायला लागल्या. मार्चमध्ये परत सहाशे एक. एप्रिलमध्ये परत. एका महिन्यात विसरल्या असं झालं नाही. आता नोव्हेंबरचा धरून दहा वेळा झाले, सहा हजार दहा. यांना दाखवलं तर हे म्हणतात, म्हणजे भिशीच की ती. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं, ते वर एक रुपया आहे ना.

ते पैसे मी वेगळे ठेवलेत. आमच्या घरात आता दौलत बडोद्याला असते आणि खासगी माझ्या कपाटात. डोळ्याचं ऑपरेशन झालं, जुलैमध्ये, त्याची काळजी नको. खासगीतून मी काय केलं ते वन्संना अजून सांगितलेलं नाही, हे पत्र छापलंत तर त्यांचा मुलगा फोटो काढून पाठवेलच, म्हणून इथेही लिहीत नाही. त्यांचे गुडघे आता जमिनीवरच्या गादीवरून उठताना फार कुरकुरतात, गेल्या वर्षी सकाळी भिंतीला धरून उठायच्या आणि कुणी बघत नाही ना ते बघायच्या, एवढंच सांगते.

वाचकांपैकी कुणाकडे असं सगळे जमत असतील तर तुम्ही काय करता ते लिहा. विशेषतः जावयांचं काय करता, कारण आमचे नाशिकचे भाऊजी भिशीत नाहीत, आहेरातही नाहीत आणि गराडू मात्र चार प्लेट खातात.

आपली नम्र वाचक,
रामबाग, इंदूर

ता. क. टेंट हाऊसवाल्याला काल फोन करून ठेवला. दरवर्षी दहा जोड सांगते, यंदा नऊ सांगितले. तो म्हणाला, "क्यों आंटीजी, कोई कम आ रहा है क्या?" मी म्हटलं, नाही रे भिया, सगळे येऊन राहिले आहेत.